श्यामलाबाईंचं नाक

मिरजेला असताना श्यामलाबाईंच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्यांची परीक्षा घेतली जायची. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. वडील, म्हणजे अप्पा, एका फिरत्या संगीत नाटक मंडळीचा कपडेपट सांभाळायचे. प्रयोग संपला की नटमंडळी खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत बसायची आणि अप्पा एकेक अंगरखा पोरीच्या नाकाशी धरायचे.

"हा कुणाचा?"

"राजाचा."

"आणि हा?"

"कपटी प्रधानाचा. त्यांनी आज कांदाभजी खाल्लीत."

सगळा रंगपट हसायचा आणि त्यात प्रधानाचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मखमल आणि जर पाण्यात बुडवता येत नाही. रंग उतरतो, जर काळी पडते. म्हणून अप्पांचा एक नियम होता. आधी नाक, मग हात, पाणी सगळ्यांत शेवटी. वास कसला आहे ते कळल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. घामाचा असेल तर अंगरखा उलटा करून वाऱ्यावर टाकायचा. ट्रंकेत कोंडल्याचा असेल तर धुपाचा धूर द्यायचा. तेलकट असेल तर डाळीचं पीठ चोळून झटकायचं. आणि पाणी? "पाणी म्हणजे आपण हरलो," असं अप्पा म्हणायचे. एका पाठोपाठ दहा अंगरखे हुंगून नाक बधिर झालं, तर आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा, की नाक पुन्हा कोरं होतं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

ती मंडळी बुडाली. अप्पा गेले. श्यामलाबाई लग्न होऊन नॉटिंगहॅमला आल्या. यजमान नंदकुमार देवरुखकर तिथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होते. बाईंनी मोज्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं शिलाई केली. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांची पन्नाशी दूर होती आणि घरी बसून राहण्याचा स्वभाव नव्हता. शेजारच्या गावात घोडे पाळणारी एक बाई होती. तिने घोड्याच्या पाठीवर घालायची फाटकी झूल शिवायला दिली. इथले लोक तिला रग म्हणतात, पण बाईंच्या तोंडात झूल हाच शब्द बसला. झूल शिवायला घेतली आणि बाईंनी सवयीने ती आधी नाकाशी नेली. घाम, चिखल, ओलं गवत, घोड्याच्या खुराचं औषध. डोळे मिटले तर तो मिरजेचा रंगपटच. फक्त राजाच्या जागी घोडा.

"ही शिवून उपयोग नाही," श्यामलाबाई तिला म्हणाल्या. "आधी हिचा वास काढायला हवा."

तिथून धंदा सुरू झाला. गावाबाहेर एका शेतकऱ्याची टिनाची शेड, त्यात एक मोठं मशीन, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या झुली. पंचवीस वर्षं आसपासच्या तबेल्यांतल्या झुली श्यामलाबाईंकडे येत राहिल्या. कमी तापमानाचं पाणी, म्हणजे वरचा पाऊस अडवणारा थर जात नाही. सुगंधी पावडर नाही, कारण घोड्याला खाज सुटते. आणि प्रत्येक झूल परत देताना गिऱ्हाइकासमोर तिचा कोपरा नाकाशी धरून एक लांब श्वास. त्या श्वासावर लोकांचा विश्वास होता.

ते नाक चार वर्षांपूर्वी गेलं.

करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाईंना पाच दिवस ताप आला आणि उतरला. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात धूर कोंडला, भात तळाला लागून काळा झाला, आणि शेजारीण दार वाजवायला आली तेव्हा बाईंना कळलं. नंदकुमार तोवर गेलेले होते, म्हणजे घरात सांगायला कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. हिंग नाही, कापूर नाही, ओली माती नाही. सगळं जग काचेच्या पलीकडे गेलं.

बाईंनी कुणालाही सांगितलं नाही. ज्या कामाची पत नाकावर, ते काम आता बिननाकाने चाललंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घड्याळ लावून, वहीत लिहून त्या काम करत राहिल्या. गिऱ्हाइकासमोर कोपरा धरून लांब श्वास घेत राहिल्या. नाटकवाल्यांत वाढलेली बाई. अभिनय तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि काम चाललंही, कारण रघुवीर होते.

रघुवीर साटम नॉटिंगहॅमच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, बायको वारली, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून श्यामलाबाईंच्या झुली तबेल्यांमध्ये पोचवायला लागले. व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर त्यांचा कुत्रा असायचा. करडा, उंच, काटकुळ्या पायांचा, लांब तोंडाचा. लग्नात मानपानासाठी रुसून बसलेल्या मेहुण्यासारखा चेहरा, म्हणून नाव दाजी. गावातले इंग्रज म्हातारेसुद्धा त्याला दाजी म्हणूनच हाक मारायचे.

गाडी भरताना रघुवीरांची एक लकब होती. घडी केलेली झूल दोन्ही हातांवर घ्यायची, छातीशी धरायची, आणि गाडीत ठेवून तिच्यावर तळव्याने दोन थापा मारायच्या. बसमध्ये घंटा दोनदा वाजली की गाडी सोडायची, तशा. मधूनच एखादी झूल ते परत टेबलावर आणून ठेवायचे.

"ही राहू द्या, श्यामलाबाई. गाडीत जागा नाही."

"अर्धी गाडी रिकामी आहे, रघुवीरराव. दाजींना मागे बसवा, म्हणजे होईल जागा."

"दाजी मागे बसत नाहीत. उद्या नेतो ही."

मग बाई कुरकुरत ती झूल उद्याच्या धुण्यात टाकायच्या. म्हातारपणी माणसाला साधं सामान रचता येत नाही, असं त्यांना वाटायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी रघुवीरांच्या पोटात कॅन्सर निघाला, आणि निघाला तो पसरलेलाच. गाडीवर दुसरा माणूस आला. पुढच्या दोन महिन्यांत दोन तबेल्यांनी झुली पाठवणं थांबवलं. बाईंनी कारण विचारलं नाही. विचारायची त्यांना भीती वाटली.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दहाच्या सुमाराला, रघुवीरांची मुलगी तनया गाडी घेऊन शेडपाशी आली. ती शाळेत शिकवते, इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, मराठी जरा मोडकी. बाहेर गार वारा होता आणि गाडीच्या चारही काचा खाली होत्या. मागे एका जुन्या झुलीवर दाजी बसला होता, मान खाली घालून.

"काकू, जवळ येऊ नका. खूप वाईट आहे."

"काय झालं गं?"

"स्कंक."

मांजराएवढा काळा प्राणी, पाठीवर पांढरा पट्टा. रानात तो या देशात नाही. पण हौसेने पाळणारे लोक आहेत, आणि त्याच्या शेपटीखालच्या वासाच्या पिशव्या काढून टाकायला इथे कायद्याने बंदी आहे. तनयाच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचा स्कंक पिंजऱ्यातून सुटला आणि तनयाच्या बागेतल्या लाकडी खोपटाखाली जाऊन बसला. दाजींनी पाहुण्याची चौकशी करायला तोंड आत घातलं. पाहुण्याने शेपटी वर केली.

"आणि हे लाल काय लागलंय त्याला?"

"केचप. पार्कमधले डॉग-वॉकर्स म्हणाले. कोल्ह्याचा शीमध्ये कुत्रा लोळला की सगळे केचप लावतात."

"मग?"

"मग आता स्कंक प्लस केचप."

ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. मग तिने सांगितलं ते असं. रघुवीरांना सोमवारी हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषाघरात, हलवलं होतं. तिथे कुत्र्याला भेटायला आणू देतात. शुक्रवारी दुपारी तीनची वेळ मिळाली होती. पण काल फोनवर वासाचं सांगितल्यावर तिथली नर्स म्हणाली, वास असेल तर नाही आणता येणार. बाजूच्या खोल्यांत माणसं आहेत, त्यांना पाण्याच्या घोटानेसुद्धा उलटी होते.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वीकेंड."

"वीकेंड म्हणजे?"

"वीकेंडपर्यंत. मेबी." तनयाने चावी या हातातून त्या हातात घेतली. "बाबा आता जास्त बोलत नाही. पण त्याचा हात सारखा बेडच्या खाली जातो. घरी दाजी तिथे झोपतो ना. हात शोधतो, मग परत वर येतो. मग परत जातो. मी बघू शकत नाही, काकू."

श्यामलाबाई गाडीपाशी गेल्या. वाकून दाजीच्या मानेत तोंड घातलं आणि लांब श्वास घेतला. काहीच नाही. नुसता ओलसर गारवा. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं. निघेल."

खरं तर त्याच क्षणी अप्पांचा नियम मोडला होता. नाक नव्हतं, म्हणून बाई थेट पाण्यावर गेल्या. कोमट पाणी, कुत्र्यांचा साबण, दोन वेळा, तीन वेळा. स्कंकचं ते तेल असं असतं, की पाणी लागलं की झोपलेला वाससुद्धा उठून बसतो. ज्याला नाक आहे अशा कुणालाही पहिल्या तांब्यात कळलं असतं. तनयाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती तोंडावर रुमाल धरून अंगणात गेली. बापाच्या आठवणीने रडते आहे पोर, असं वाटून बाई दुप्पट जोराने दाजीला चोळत राहिल्या. गाडीतली ती जुनी झूल त्यांनी मोठ्या मशीनमध्ये टाकली.

दाजी वाळला. बाईंनी पुन्हा त्याच्या मानेत तोंड घातलं, पुन्हा लांब श्वास.

"गेला."

"गेला?" तनयाने विचारलं.

"मी सांगते ना."

तनयाने दाजीचा पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाली, "ओके, काकू. थँक यू."

शुक्रवारी श्यामलाबाई तिच्याबरोबर गेल्या. हॉस्पिस बैठं होतं, प्रत्येक खोलीला बागेकडे उघडणारं काचेचं दार. नर्स बाहेर आली. दाजीपासून चार पावलांवर ती थांबली, आणि तिने काही बोलायच्या आधीच बाईंना सगळं कळलं. नाक गेलं असलं तरी माणसाचा चेहरा वाचता येतो.

"मला फार वाईट वाटतं," नर्स म्हणाली. "पण मी याला आत घेऊ शकत नाही."

मागच्या काचेतून पलंग दिसत होता. पलंगाच्या कडेवरून एक हात खाली आला. बोटं हवेत थोडी हलली. थांबली. हात वर गेला. दाजीने ते पाहिलं की नाही कोण जाणे, पण तो काचेकडे तोंड करून उभा राहिला, आणि इतका ताठ, की तनयाला पट्टा दोन्ही हातांनी धरावा लागला.

नर्स मूळची कॅनडाची होती. आजोबांच्या शेतावर असे कुत्रे तिने बरेच पाहिले होते. तिने खिशातून कागद काढून त्यावर लिहिलं. हायड्रोजन पेरॉक्साइड तीन टक्क्यांचं, केमिस्टकडे मिळतं, एक लिटर. त्यात पाव कप खाण्याचा सोडा, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. कोरड्या अंगावर लावायचं, पाच मिनिटं ठेवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, मग धुवायचं. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, बाटली फुटते. या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या.

"आणि आधी पाणी नको," ती म्हणाली. "पाण्याने तो वाढतो. नंतरसुद्धा काही दिवस, कुत्रा भिजला की थोडा परत येतो. उद्या सकाळी दहाला माझी ड्यूटी आहे. त्यापेक्षा उशीर करू नका."

पाणी सगळ्यांत शेवटी. साठ वर्षांपूर्वी मिरजेत पाठ केलेलं वाक्य एका परक्या मुलीच्या तोंडून ऐकताना श्यामलाबाईंनी मान खाली घातली.

तनया आत जाऊन बापाजवळ बसून आली. मग तिघं शेडवर परतली. बाईंनी दार सरकवलं आणि मागे तनयाने चटकन नाकावर हात नेला, आणि तितक्याच चटकन तो खाली घेतला.

"काय गं?"

"काही नाही."

"तनया, खरं सांग. शेडमध्ये वास येतोय?"

तनयाने दार आणखी सरकवून उघडलं.

"मला येत नाही," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. काही म्हणजे काही येत नाही. काल मी तुझ्यासमोर नाटक केलं."

हे वाक्य आयुष्यात कधीतरी बोलावं लागेल या विचाराने त्यांनी कितीतरी रात्री काढल्या होत्या. बोलून झालं, आणि समोरच्या पोरीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत आहे, काकू."

"तुला?"

"बाबानं सांगितलं होतं. फर्स्ट विंटरमध्येच त्याला कळलं. म्हणून तो गाडी भरताना प्रत्येक झूलचा वास घ्यायचा. चांगला असला तर दोन वेळा असं मारायचा." तिने टेबलावर दोन थापा मारल्या. "आणि वास असला तर तुम्हाला सांगायचा, गाडीत जागा नाही."

श्यामलाबाई झुलींच्या ढिगावर बसल्या. अर्धी रिकामी गाडी त्यांना स्पष्ट दिसली. छातीशी धरलेली झूल, किंचित वाकलेली मान. साडेतीन वर्षं आपण रंगमंचावर होतो आणि विंगेत कुणीतरी हातात नाटकाची वही घेऊन उभं होतं, एकेक ओळ पुरवत होतं, आणि आपल्याला वाटत होतं सगळं आपल्यालाच पाठ आहे.

"मग काल तू बोलली का नाहीस?"

"कसा बोलू? बाबानं प्रॉमिस घेतला होता. काकूंना कधी कळू द्यायचं नाही, असं." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही म्हणालात गेला. मला वाटलं, माझंच नाक खराब झालं असेल."

 एकीने मान राखला, दुसरीने मान सांभाळला, आणि त्यात रघुवीरांचा एक दिवस गेला. तो मागून मिळणारा नव्हता.

"ऊठ," शेवटी श्यामलाबाई म्हणाल्या. "आज नाक तुझं, हात माझे."

पेरॉक्साइडच्या बाटल्या लहान असतात. तीन केमिस्टांकडे फिरून पुरेशा झाल्या. तोवर दाजी हीटरपाशी पूर्ण वाळला होता. बाईंनी तनयाला त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसवलं.

"हं. एकदम नको. छोटा श्वास. मान कशी आहे?"

"वाईट."

"छाती?"

"कमी."

"कानामागे?"

"ओ गॉड."

"म्हणजे तोंडावर बसलाय फवारा. तिथून सुरुवात. आता तुझ्याच कोपराचा वास घे. इथे, आतल्या बाजूला. आता परत सांग."

"काकू, हे काम करतं."

"साठ वर्षं करतंय."

दाजीच्या डोळ्यांभोवती तेलाचं बोट फिरवून बाईंनी बादलीत मिश्रण केलं. ते फसफसलं. कोरड्या केसांत, मुळापर्यंत, बोटांनी. कानामागे तर त्यांनी दात घासायचा मऊ ब्रश घेतला. दाजी हूं की चूं न करता उभा होता. घड्याळात पाच मिनिटं. मग पाणी.

"आता?"

तनयाने वास घेतला. कोपराकडे गेली. पुन्हा घेतला. "गेला असं म्हणू शकत नाही. कमी आहे. अर्ध्यापेक्षा कमी."

"शाब्बास. असंच खरं सांग."

वाळवून, नवीन मिश्रण करून दुसऱ्यांदा सगळं केलं. बादलीच्या तळाशी थोडं उरलं तेव्हा बाईंचा हात सवयीने लोणच्याच्या रिकाम्या बरणीकडे गेला. उरलेलं टाकायचं नाही, हा त्या पिढीचा धर्म. कागदावरच्या दोन रेघा आठवल्या आणि त्यांनी ते मोरीत ओतलं. दाजीची मान आणि कान पेरॉक्साइडने पिवळट पडले होते. एका दुपारीत तो पाच वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता.

तनया घरी गेल्यावर बाईंनी फोन घेतला. शेडमध्ये तीन तबेल्यांच्या झुली वाळत होत्या, आणि त्या सगळ्या दाजीच्या झुलीमागोमाग काल त्याच मशीनमधून निघालेल्या. त्यांनी तिन्ही ठिकाणी सांगितलं. झुलींना वास लागला आहे, उशीर होईल. आणि तो मला कळला नाही, कारण मला वास येत नाही, चार वर्षं झाली. दोघींनी बरं म्हटलं. तिसरी, जिच्या फाटक्या झुलीवर हा धंदा सुरू झाला होता ती म्हातारी, म्हणाली, "श्यामला, तू हे आधी सांगायला हवं होतंस. मी बसले असते तुझ्या शेडमध्ये वास घेत. मला दुसरं काय काम आहे?" 

शनिवारी सकाळी पाऊस होता. जोराचा नाही. दिवसभर पडत राहील असा, बारीक, आडवा. हॉस्पिसच्या गाड्या लावायच्या जागेपासून बागेच्या दारापर्यंत दीडशे पावलांचं अंतर, आणि भिजला की वास परत येतो.

"छत्री धरू?" तनयाने विचारलं.

"दाजी छत्रीखाली चालतील?"

बाईंनी शेडमधून एक गाठोडं आणलं होतं. शिंगराची झूल. घोड्याच्या पिलाची, मानेवर टोपरं असलेली, निळी, कुणी न्यायला न आलेली, मुद्दाम दुरुस्त करून ठेवलेली. शिवाय ती गुरुवारी त्या मशीनमध्ये गेली नव्हती, कपाटात होती. तनयाने तिचा वास घेतला, कोपराचा घेतला, पुन्हा झुलीचा घेतला. "फक्त कापडाचा."

बाईंनी गाडीतच दाजीला ती चढवली. छातीवरचे बंद लावले, पोटाखालचे पट्टे आवळले, टोपरं ओढून कान झाकले. अप्पा राजाला उभा करून शेला बांधायचे तसंच. मागे एक पाऊल सरकून बघायचं, एक सुरकुती ओढायची, आणि मग पाठीवर हात ठेवून म्हणायचं, जा. बाईंनी दाजीच्या पाठीवर हात ठेवला.

दीडशे पावलं तिघं पावसातून चालली. निळी झूल घातलेला तो उंच कुत्रा मान ताठ ठेवून चालला होता. एका खोलीच्या काचेआड गादीवर रेललेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला हात केला.

नर्स दाराशी उभी होती. तिने दाजीचे पाय टॉवेलने टिपले. झूल उतरवली. मग वाकली. कानामागे, मानेवर, छातीवर. सरळ झाली, दाराबाहेर पावसात जाऊन एक श्वास घेऊन आली, आणि पुन्हा वाकली. श्यामलाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"थोडासा आहे," नर्स म्हणाली. "माझ्यासारखीलाच कळेल एवढा." आणि तिने दार उघडून धरलं.

रघुवीरांचे डोळे मिटलेले होते. दोन महिन्यांत माणूस किती लहान होतो. श्वास मधे थांबत होता, मग आठवल्यासारखा पुन्हा सुरू होत होता. पलंगाच्या कडेवरून हात खाली आला. दाजी गेला आणि त्याने आपलं डोकं त्या हाताखाली घातलं. काही घाई नाही, आवाज नाही. रोज घरी करायचा तसं.

हात थांबला. मग बोटं हलली. कान, कपाळ, पुन्हा कान. मग इतका वेळ पडून असलेल्या माणसाने मान वळवली. दाजी उंच होता. त्याने हनुवटी उशीवर टेकवली. रघुवीरांनी त्याच्या कपाळाला नाक लावलं आणि श्वास घेतला. तो श्वास बराच वेळ चालला. तनयाने श्यामलाबाईंचा दंड घट्ट धरला.

हात उचलला गेला. दाजीच्या मानेवर एक थाप पडली. मधे बरंच अंतर गेलं. मग दुसरी.

श्यामलाबाई पलंगाजवळ गेल्या आणि वाकल्या.

"रघुवीरराव," त्या म्हणाल्या, "गाडीत जागा आहे ना?"

त्यांनी डोळे उघडले. आधी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. सगळं कळलं होतं त्यांना. कुणी काय सांगितलं, कुणी काय कबूल केलं, सगळं. ओठ हलले, पण आवाज यायला वेळ लागला.

"आहे," ते म्हणाले. "बसा."

श्यामलाबाईंनी खुर्ची ओढली. दाजी पलंगाखाली आडवा झाला, आणि कडेवरून खाली आलेला हात त्याच्या पाठीवर राहिला. तो पुन्हा वर गेला नाही.